तीन हजार तीन

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची एक पद्धत होती. आधी उत्तर, मग रीडिंग. लंबक हलवून वेळ मोजायची आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचं उत्तर काढायचं, असं पुस्तकात छापलेलं होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आमची स्टॉपवॉचं पाहिली नव्हती. एकाचं बटण आत गेलं की बाहेर काढायला टाचणी लागायची. टेबलाला आम्ही सहाजणी, लंबक एक आणि तासही एकच. मग उत्तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, तर तिथून उलटं गणित करत यायला काय हरकत आहे? आम्ही यायचो.

या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. फुशारकी नाही मारत, खरं तेच सांगते. बाकीच्या मुली उत्तर अगदी बरोबर आणायच्या आणि सर त्यांचं जर्नल तोंडावर मारायचे. मी कधी बरोबर आणलं नाही. किंचित चुकवायचे. रीडिंगच्या शेवटी शून्य किंवा पाच कधी ठेवायचे नाही, कारण खोटं लिहिणाऱ्याच्या हाताला शून्य आणि पाच आधी सुचतात. दहांतलं एक रीडिंग मुद्दाम वाकडं. अख्खा वर्ग माझ्याकडून रीडिंग न्यायचा, आणि प्रत्येकीला मी वेगळी द्यायचे, शिंप्याने मापं घेऊन द्यावीत तशी. प्रॅक्टिकलला मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. फिजिक्सची पदवी, तीही पहिल्या वर्गात. सर म्हणाले, "तुझा हात फार अचूक आहे." मी मान खाली घातली, ती नम्रपणा म्हणून खपून गेली.

पदवी मिळाली आणि मग कळलं की जगात कोणाला तिची गरज नाहीये. अकरा मुलाखती दिल्या. एका ठिकाणी जाहिरातच अशी होती की नुकतेच पदवीधर पाहिजेत, दोन वर्षांचा अनुभव असलेले. मी विचारलं, "दोन वर्षं अनुभव असेल तर नुकतेच कसे?" झालं, तिथं बोलणं संपलं. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?" मी मोबाइलवर वाचून गेले होते की इथं धीटपणा दाखवायचा. म्हटलं, "तुमच्या खुर्चीत." साहेबांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बिचाऱ्याची खुर्ची कशाला मागायची? स्टूल मागायचं."

आई अशीच आहे. आणि माझा राग तिच्यावरच गेलाय असं सगळे म्हणतात, ती सोडून.

या सगळ्यात माझी आत्या कंबर कसून मदतीला आली, आणि तिथंच माझं धाबं दणाणलं. आत्याची लाँड्री आहे. वाफेच्या इस्त्र्या, प्लॅस्टिकचे बिल्ले, रांगेत लटकलेले कोट, सगळं झक्क. आत्या माणूस सोन्यासारखी आहे. ती म्हणाली, "चिमे, एक तारखेपासून काउंटरला बस. चार दिवस बस, चांगली नोकरी लागली की जा." ऐकायला किती बरं वाटतं! पण हेच वाक्य तिला तिच्या सासऱ्यांनी ऐकवलं होतं. आत्याकडे इतिहासाची पदवी आहे. तिचे ते चार दिवस अजून चालू आहेत, बावीस वर्षं झाली. आईने तिला "बघू" म्हटलं आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे ठरलं.

त्याच आठवड्यात मला वजनकाटे तपासायच्या केंद्रातून बोलावणं आलं. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, जिना अरुंद, वर गेलं की रबराचा वास. दवाखान्यांतले आणि बाळंतपणाच्या रुग्णालयांतले वजनकाटे तिथं तपासायला यायचे. तपासून कागद मिळाला की तो काटा वर्षभर वापरायचा, नाही मिळाला तर दुरुस्तीला. केंद्र एका बाईंचं होतं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे, धाकट्या कोणी नव्हत्या तरी. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला पदरचे पैसे पडतात.

मुलाखत म्हणजे काय, तर त्यांनी मखमल लावलेली एक पेटी उघडली, आत चकचकीत पोलादी वजनं. म्हणाल्या, "एक किलोचं उचल." मी उचललं.

"ठेव. बोटांचा घाम लागतो वजनाला. हातमोजे पलीकडे आहेत."

मला आला राग. म्हटलं, "मग आधी सांगायचं ना!"

"आधी विचारायचं," बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, बारावी मुलाखतही गेली. तर त्या म्हणाल्या, "सोमवारी ये. महिनाभर शिकाऊ म्हणून. शेवटच्या शनिवारी सांगेन, पत्र देते की नमस्कार. नियम एकच. दिसेल ते लिहायचं, दिसलं की लगेच."

मला हसू आलं. एवढंच?

काम तसं सोपं होतं. काटा सपाट ठेवायचा, शून्यावर आणायचा, वजन ठेवायचं, आकडा स्थिर झाला की तक्त्यात लिहायचा. वजन काढायचं, पुन्हा ठेवायचं. एका वजनाला दहा वेळा. अशी पाच वजनं, म्हणजे एका काट्याला पन्नास चौकोन. पहिले तीन आठवडे माझ्याकडे मोठ्या माणसांचे काटे होते, गोल तबकडीवर सुई फिरते ते. सुई दोन रेघांच्या मधे थांबायची, मग वाकून, एक डोळा मिटून, अंदाजाने शेवटचा आकडा लिहायचा. पहिल्या दोन दिवसांत कंबर धरली. आणि मग गंमत झाली. मला ते आवडायला लागलं. खोलीत आवाज नसायचा, वजन ठेवलं की सुई थरथरायची आणि हळूहळू शांत व्हायची, आणि तिच्याबरोबर मीही. माझ्यासारखी मुलगी तासभर गप्प बसू शकते हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. ही नोकरी मला हवी होती. पगारासाठी, काउंटरपासून सुटण्यासाठी, आणि नुसतीच, हवी म्हणून हवी. हे मी कोणालाही सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी बाईंनी मला पहिल्यांदा बाळांचा काटा दिला. पाळण्यासारखं तबक आणि पुढे आकडे दाखवणारी काच. सुई नाही, वाकायला नको, डोळा मिटायला नको. काटा एका मुलांच्या दवाखान्याचा होता आणि त्यांना दुपारच्या आत परत हवा होता. केंद्राचे टेम्पोवाले काका दारात घड्याळ बघत उभे. मी एक किलो केलं, दोन केलं, तीन किलो चालू असताना फोन वाजला. आत्या.

"चिमे, ॲप्रन शिवायला टाकतेय. निळा की तपकिरी?"

"आत्या, मी कामात आहे."

"तेच विचारतेय, कामाचाच ॲप्रन. खांद्याचं माप सांग."

माप सांगितलं, फोन ठेवला, पाच किलो केलं, आठ किलो केलं. काकांनी काटा उचलला, खोक्यात घातला आणि जिना उतरले. मी तक्ता बाईंच्या टेबलावर ठेवायला निघाले आणि पाहते तर तीन किलोच्या रांगेत दहावा चौकोन रिकामा. आत्याच्या खांद्यांच्या नादात मी नऊवरच थांबले होते.

खिडकीतून हाक मारली असती तर काका थांबले असते. टेम्पो अजून सुरूही झाला नव्हता. पण माझं मन हाकेकडे गेलंच नाही, तक्त्याकडे गेलं. वरचे नऊच्या नऊ आकडे तीन हजार ग्रॅम. तीन हजार, तीन हजार, तीन हजार. असं कुठं असतं? प्रॅक्टिकलच्या सरांनी हाकलून दिलं असतं. खरे आकडे मला खोटे वाटले, म्हणून त्यांना जरा खरेपणा यावा या हेतूने माझ्या हाताने दहाव्या चौकोनात लिहिलं, ३००३. हातानेच लिहिलं म्हणते, कारण मी विचार केला होता असं म्हणणं म्हणजे माझ्या डोक्याचा गौरव होईल. संध्याकाळी बाईंनी सात तक्त्यांवर सह्या केल्या, त्यात तोही गेला. काटा पास झाल्याचा कागद काकांनी तेव्हाच दवाखान्यात पोचवला, तक्ता कपाटात गेला.

बुधवारी तसाच दुसरा काटा आला. त्याच कंपनीचा, फक्त जुना. दोन किलोचं वजन ठेवलं, काचेवर आलं २००५. पुन्हा ठेवलं, २०१०. पुन्हा, २००५. मी थांबले. वजनाशेजारी पेनचं टोपण ठेवून पाहिलं. आकडा हलला नाही. खोडरबर ठेवलं, २००५ वरून आकडा एकदम २०१० वर गेला. मधे सहा नाही, सात नाही, काही नाही. मी काटा उलटा केला. तळाला चिकटवलेल्या पट्टीवर स्वच्छ छापलं होतं की हा काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते असं. असला काटा जन्मात कधी तीन दाखवू शकत नाही. त्याच्या काचेवर शेवटी येणार शून्य किंवा पाच, बाकी आकडे त्याला ठाऊकच नाहीत. आणि मी मंगळवारच्या काट्याच्या नावावर तीन हजार तीन लिहून, सही करवून पाठवलं होतं. उपकरण कमीत कमी किती मोजतं, त्याला आम्ही लीस्ट काउंट म्हणायचो. तीन वर्षं प्रत्येक प्रयोगाच्या पहिल्या ओळीत मी ते लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. एकदाही वाचलं नव्हतं. पहिला वर्ग, म्हणे.

टेम्पोवाल्या काकांना मी आडून आडून विचारलं, "काका, गेलेला कागद परत कोणी बघतं का हो?"

"फाइल कपाटात गेली?"

"गेली."

"मग झालं. कपाटात गेलेला कागद आणि म्हातारपणी गेलेला माणूस, नंतर कोणी उकरत नाही," काका म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

घरी गेले तर आत्या ॲप्रन घेऊन हजर. तपकिरी. खिशावर माझं चिमी हे नाव धाग्याने काढलेलं, तेही स्वतः बसून. माप चोख. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आत्याला वाटलं आनंदाने. आई भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "शनिवारचं काय म्हणतायत तुझ्या बाई?" मी म्हटलं, "काही नाही, काय म्हणायचंय, तुला काय करायचंय?" चोराच्या मनात चांदणं.

गुरुवारी सकाळी बाई बँकेत गेल्या होत्या. मी कपाटातून तो तक्ता काढला. शेजारी एक कोरा तक्ता घेतला. म्हटलं, नवीनच करून ठेवते, सही मागताना सांगेन की जुन्यावर शाई सांडली. आणि बसले लिहायला. एक किलो, दहा आकडे. दोन किलो, दहा आकडे. आता टप्पा माहीत होता, म्हणून सगळीकडे शून्य, मधेच कुठं एखादा पाच. तीन किलोचे दोन लिहिले आणि मी हात थांबवून ते बघितलं. बावीस आकडे. इतके सुरेख जमले होते की काय सांगू! बाईंनी भिंग घेऊन पाहिलं असतं तरी कळलं नसतं. बाईंना नाही, कोणालाच नाही, कधीच नाही. मला वाटलं होतं की पकडले जायची भीती वाटतेय. तसं नव्हतं. पकडलं जाणार नाही हे कळलं आणि मला घाम फुटला. म्हणजे मी उद्याही हे करीन, पुढच्या वर्षीही करीन, आणि मला खरंच काही मोजता येतं का, हे कोणाला कळणारच नाही. मलासुद्धा.

बाई आल्या, त्यांनी पर्स ठेवली, पाणी प्यायल्या. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं. फोन, रिकामा चौकोन, तीन हजार तीन, कोऱ्या तक्त्यावरचे बावीस. दम घेतला असता तर अर्धंच सांगितलं असतं.

बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. मंगळवारच्या तक्त्यावर त्यांचं बोट हळूहळू खाली आलं आणि ३००३ वर थांबलं. मग आणखी खाली आलं.

"ही सही कोणाची?"

"तुमची."

"मी काय बघून केली असेल?"

मी सहीवर वाकून पाहिलं.

"अक्षर बघून केली," बाई म्हणाल्या. "अक्षर छान आहे तुझं." त्यांचा चेहरा असा उतरला की त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "हे कॉलेजात शिकवतात?"

"शिकवत नाहीत. आम्हीच शिकतो."

"मार्क किती पडले?"

"पन्नासपैकी अठ्ठेचाळीस."

"दोन कशाचे गेले?" बाईंनी विचारलं, आणि ती थट्टा आहे की काय हे मला आजतागायत कळलेलं नाही. मग त्या उठल्या. "काटा कुठं आहे आत्ता?"

"दवाखान्यात."

"आणि त्यावर आत्ता काय चाललंय?"

बाईंनी काकांना हाक मारली. पाच मिनिटांत आम्ही तिघं टेम्पोच्या पुढच्या सीटवर, वजनांची पेटी माझ्या मांडीवर. काका एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "उकरलंस होय?"

दवाखान्याच्या बोळात बाकांवर आया बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात एक गाठोडं आणि गाठोड्यात रडणं. टोकाला टेबलावर आपला काटा. जाडजूड सिस्टर एकेका बाळाला कपडे काढून तबकात ठेवत होती, आकडा वाचत होती आणि कार्डावर लिहीत होती. एका बाळाचं कार्ड तिने आतल्या डॉक्टरांकडे दिलं आणि आतून आवाज आला, "एवढ्या वजनाला अडीच मिली द्या." सिस्टरने आकडा लिहिला आणि डॉक्टरांनी औषध ठरवलं. मधे कोणी काही विचारलं नाही.

बाई पुढे झाल्या. "सिस्टर, हा काटा आम्हाला पुन्हा तपासायचाय. चूक आमच्याकडून झालीय."

सिस्टर आधी समजली नाही. समजली तेव्हा जी सुटली! "मंगळवारी कागद दिलात ना सही करून? दोन दिवसांत पन्नासच्या वर बाळं ठेवलीत मी यावर. हे बघा, रडून रडून निळं होतं लेकरू, तरी मी एकदाच ठेवते. का? तुमचा कागद आहे म्हणून! नाहीतर रडत्या बाळाला दोनदा कोण ठेवेल हो, आम्हाला काही काळीज आहे की नाही?" बाई खाली मान घालून ऐकत होत्या. पांढऱ्या केसांची बाई, माझ्यामुळे, सगळ्या बोळासमोर. शरम वाटली, अशी की कानशिलं गरम झाली.

मी पुढे होऊन म्हटलं, "सिस्टर, चूक यांची नाही. माझी आहे. मी न बघता आकडा लिहिला."

"मग आता बघून लिही," सिस्टर म्हणाली आणि टेबल रिकामं करून दिलं.

हातमोजे घातले. काटा सपाट केला, शून्यावर आणला. एक किलो. दहा वेळा. दोन किलो. बोळात रडणं चालू, पंखा घरघरतोय, आया माना उंचावून बघतायत. एक आजीबाई मोठ्याने मोजायलाच लागल्या, "पाच झाले, आता सहावा गं, विसरू नको." तीन किलोला आठ वेळा तीन हजार आला, नवव्यालाही आला. दहावं राहिलं. मी वजन काढलं, काच शून्यावर येऊ दिली आणि पुन्हा ठेवलं. आतून मनापासून वाटत होतं की तीन हजारच येऊ दे, सगळं साफ दिसू दे. आकडा थरथरला आणि स्थिर झाला. ३००५.

बाई काचेकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या पेनाकडे बघत होत्या.

मी लिहिलं, ३००५. शेवटी पाच. कॉलेजच्या तीन वर्षांत हा आकडा मी शेवटी कधी लिहिला नव्हता, आणि तो वाकडा-तिकडा आला. पण तो माझा होता. मी पाहिला आणि मी लिहिला. पुढे पाच किलो आणि आठ किलो झालं. दहा ग्रॅमपर्यंत फरक चालतो, कुठंच पाचाच्या वर गेला नाही. काटा पास.

"बाई, काटा बरोबर आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"काटा मंगळवारीही बरोबरच होता," बाई म्हणाल्या. "कागद चुकला होता."

मग त्यांनी पर्समधून एक छापील कागद काढला. चुकीची नोंद करायचा. चुकीचा कागद गेला तर असा अर्ज भरून एक प्रत गिऱ्हाइकाला द्यायची आणि एक केंद्राच्या दप्तरात कायमची ठेवायची, असा नियम होता. काय चुकलं, कधी चुकलं, काय दुरुस्त केलं. बाईंनी तो उभ्या-उभ्या भरला. खाली तीन रकाने होते: नाव, पद, सही. पहिल्या ओळीत बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, पद लिहिलं, सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

मी नाव लिहिलं. पदापाशी घोडं अडलं. "काय लिहू? शिकाऊ?"

"शिकाऊ माणसाच्या नावावर चूक टाकत नाहीत," बाई म्हणाल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "शिकाऊची चूक केंद्राची, म्हणजे माझी. तुझं नाव खोड, चूक माझ्या एकटीवर राहील. शनिवारी तुझं काय करायचं ते मी शनिवारी बघेन. तुझ्या नावावर कुठं काही लागणार नाही. आणि चूक तुझ्या नावावर घ्यायची असेल, तर तिथं तपासनीस लिहावं लागेल. मग ती या दप्तरात राहील. तू म्हातारी झालीस तरी राहील."

मला कळायला जरा वेळ लागला. आई म्हणते तसं मला शहाणपण उशिरा आणि राग लवकर येतो. बाई मला नोकरी देत होत्या, आणि ती त्या चुकीसकट होती. वेगवेगळी मिळणार नव्हती.

मी तपासनीस लिहिलं. रकाना अरुंद, माझं अक्षर एवढं मोठं आलं की शेवटचा स रेघेबाहेर गेला. सही केली. आणि मग जे काय रडू फुटलं! बाकावरच्या आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "नोकरीवरून काढली वाटतं पोरीला." मी रडता रडता मान हलवून नाही नाही म्हणत होते आणि ते त्यांना आणखीच वाईट वाटत होतं.

"कागद भिजवू नकोस," बाई म्हणाल्या. "शनिवारी पत्र ने. वरती अजून चार काटे पडलेत, चल."

सिस्टरने आपली प्रत घेतली, वाचली, खिशात घातली. मग पुढच्या बाळाला तबकात ठेवलं. बाळ किंचाळलं. तिने आकडा वाचला, बाळाला उचललं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. बाळ दुप्पट किंचाळलं, त्याची आई कळवळली. मी तिथंच उभी होते, मला ते बघावंच लागलं, आणि सिस्टरचं काही चुकत नव्हतं.

दोन्ही वेळा आकडा तोच आला. तिने तो लिहिला. मी वजनांची पेटी उचलली आणि टेम्पोत जाऊन बसले.